फिरणारा शाफ्ट आणि पाबळची कच

गेल्या शनिवारी पाबळला गेलो होतो. पाबळ म्हटलं की पुण्यातल्या मंडळींना दोन गोष्टी आठवतात, मस्तानीची कबर आणि विज्ञान आश्रम. मला तिसरीही आठवते, ती म्हणजे माझ्या मावशीचं घर. पुणे-नगर रस्त्यावर शिक्रापूरला डावीकडे वळायचं, की थोड्या वेळात मोबाईलची रेंज आणि ऑफिसचे फोन दोन्ही विरळ होत जातात. त्यासाठीच मी जातो, खरं सांगायचं तर.

या वेळी मात्र जायचं कारण वेगळं होतं. काकांची बोअरची मोटर जळली होती. शेतात कांदा उभा, पाण्याची एक पाळी चुकलेली आणि दुसरी चुकायच्या बेतात. आणि ही मोटर कोणी निवडली होती? अस्मादिकांनी. काका गावातल्या दुकानातून नेहमीची घेणार होते, तर मीच 'थांबा, जरा शोधून सांगतो' म्हणून लॅपटॉप उघडला, चार तक्ते वाचले आणि तेल भरलेली, थोडी जास्त कार्यक्षम, 'पूर्ण सीलबंद, थेंबभर पाणीही आत जाणार नाही' अशी एक मोटर त्यांच्या गळ्यात मारली. दुसरं वर्षही पुरं झालं नाही.

मेस्त्रींनी चेन-पुली लावून सगळे पाइप वर काढले, मोटर गोणपाटावर आडवी ठेवली आणि खोलली. आतलं तेल कधीच निघून गेलेलं. त्याच्या जागी मातकट पाणी आणि बारीक कच. वाइंडिंग काळं ठिक्कर. त्यांनी शाफ्टवरून एक अंगठीएवढी चकती काढून माझ्या हातावर ठेवली. एका बाजूने आरशासारखी गुळगुळीत असायला हवी होती, तिथे ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा.

"हे सील गेलं दादा. पाण्यावाली घ्यायची होती. तिच्यात आपण आधीच पाणी भरतो, मग पाण्याला कशाला घाबरायचं?"

मी गप्प. बारा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढल्यावर एखाद्या माणसाने एका वाक्यात तुमचं डिझाइन मोडीत काढलं की काय वाटतं, ते टेस्टिंगवाल्यांनाच कळेल. चकती खिशात घालून परत आलो आणि आठवडाभर या सीलच्याच मागे लागलो. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडतोय.

मूळ प्रश्न अगदी साधा आहे. एका भांड्यात दाबाखाली पाणी, वाफ किंवा वायू आहे. आत एक चाक फिरतंय आणि त्याचा दांडा, म्हणजे शाफ्ट, भिंतीतून बाहेर येतो. शाफ्ट फिरायचा तर भोक त्याच्यापेक्षा किंचित मोठं हवं. आणि भोक मोठं म्हटलं की गळती आलीच. पंप असो, टर्बाइन असो, जहाजाचा पंखा असो नाहीतर घरचं वॉशिंग मशीन, जिथे शाफ्ट भिंत ओलांडतो तिथे हे भांडण आहेच.

पहिलं उत्तर होतं चिंधी. नाही, खरंच. न्यूकमेनच्या १७१२ च्या वाफेच्या इंजिनात सिलिंडरचं वरचं तोंड उघडंच असे, त्यामुळे प्रश्न आला नाही. जेम्स वॉटने वरून झाकण लावून तिथेही वाफ सोडायची ठरवली आणि दट्ट्याचा दांडा त्या झाकणातून ये-जा करू लागला. मग दांड्याभोवती एक डबी, तिच्यात चरबीत भिजवलेला ताग ठासून भरलेला आणि वरून दाबायला एक बुश. तो दांडा फिरत नव्हता, वर-खाली होत होता, पण युक्ती तीच. याच डबीला आपल्याकडचे फिटर 'ग्लँड' म्हणतात आणि तिच्यात भरतात ती 'ग्लँडची दोरी'.

ही दोरी महाराष्ट्रात घरोघरी, म्हणजे मळोमळी पोचली ती पंपांबरोबर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना काढला, आधी नांगर केले, आणि १९२६ मध्ये किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. पुढे विहिरीवर इंजिन आणि पंप ही जोडी इतकी रुळली की ज्यांचं लहानपण गावी गेलंय त्यांच्या कानात तो आवाज अजून असेल. आणि पंपाच्या मानेतून टपटप पडणारं पाणीसुद्धा आठवत असेल. मला लहानपणी वाटायचं की पंप बिघडलाय. आजोबांना विचारलं तर म्हणाले होते, 'ते गळायलाच पाहिजे.' मला वाटलं चेष्टा करतायत.

चेष्टा नव्हती. दोरी शाफ्टवर घासते, घासली की तापते, आणि तिला गार ठेवायला पाणी हवं. ते पाणी म्हणजेच ती गळती. गळती थांबवावी म्हणून एखाद्या उत्साही माणसाने ग्लँडचे नट करकचून आवळले, की टपटप थांबते, दोरी जळते, शाफ्टवरची स्लीव्ह चरते आणि मग आधीपेक्षा दुप्पट गळतं. मिनिटाला काही थेंब पडू द्यायचे, हा पंपवाल्यांचा जुना नियम आहे. म्हणजे गळणं हा या सीलचा दोष नव्हताच, तो त्याच्या कामाचाच भाग होता.

पण ही दोरी बेताच्या वेगापर्यंत ठीक. १८८४ मध्ये चार्ल्स पार्सन्सने पहिलं वाफेचं टर्बाइन फिरवलं ते मिनिटाला १८,००० फेऱ्यांनी. तिथे दोरी क्षणात राख होईल. म्हणून पार्सन्सने शाफ्टला काही टेकवायचंच नाही असं ठरवलं आणि दुसरी वाट धरली, चक्रव्यूहाची. शाफ्टवर एकामागून एक पातळ कडी, समोरच्या भिंतीत तशाच खाचा, मध्ये केसाएवढी फट. वाफ पहिल्या फटीतून शिरते, पुढच्या पोकळीत पसरते, भोवऱ्यात जोर घालवते, मग दुसरी फट, मग तिसरी. प्रत्येक दारात थोडा दाब खर्च होतो आणि शेवटच्या दारातून बाहेर पडते ती दमलेली वाफ. इंग्रजीतही याला लॅबिरिंथच म्हणतात. आज कोराडीला किंवा चंद्रपूरला वीज करणाऱ्या टर्बाइनांत हीच कल्पना आहे. मजा म्हणजे टर्बाइनच्या शेवटच्या टोकाला उलटा प्रश्न असतो. तिथे आत निर्वात असतो आणि बाहेरची हवा आत घुसू पाहते. मग काय करायचं? मुद्दाम थोडी वाफ त्या चक्रव्यूहात सोडायची, म्हणजे आत शिरलीच तर वाफ शिरेल, हवा नाही. चोराला अडवता येत नसेल तर दारात घरचाच माणूस उभा करा!

इथे आपल्या सह्याद्रीची एक गोष्ट सांगायलाच हवी. टाटांनी लोणावळा-वळवणच्या तलावांचं पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून १९१५ मध्ये मुंबईला वीज द्यायला सुरुवात केली. पाण्याची उडी ५०० मीटरच्या वर, म्हणजे तळाशी दाब वातावरणाच्या ५० पट. आता एवढ्या दाबाला शाफ्टपाशी कोणतं सील टिकणार? तर, कोणतंच लागलं नाही. खोपोलीला पेल्टन चाकं आहेत. पाणी तोटीतून फवाऱ्यासारखं सुटतं आणि चाकाच्या वाट्यांवर आदळतं, पण चाक स्वतः साध्या हवेत फिरतं. सगळा दाब तोटीतच वेगात बदललेला. शाफ्टपाशी अडवायचे ते फक्त उडालेले तुषार. (पेल्टन निवडलं ते सीलसाठी नव्हे, इतक्या उंचीला तेव्हा तेच योग्य होतं. पण सीलवाल्यांना आयतीच सुट्टी मिळाली.) कोयनेचा पहिला टप्पा १९६२ मध्ये सुरू झाला, तिथेही पेल्टनच.

मग आला कोयनेचा चौथा टप्पा. १३ मार्च १९९९ ला शिवसागर जलाशयाच्या तळाला खालून भोक पाडलं ते लेक टॅपिंग बऱ्याच जणांना आठवत असेल. तिथे प्रत्येकी २५० मेगावॉटची चार यंत्रं बसली ती फ्रान्सिस जातीची. डोंगर तोच, पाणी तेच, उडी साधारण तेवढीच. पण फ्रान्सिसचं चाक पाण्यात पूर्ण बुडालेलं असतं. आता चाकाच्या कडेला चक्रव्यूह हवा, त्यातून निसटलेलं पाणी परत वाटेला लावायला हवं आणि उरलेल्याला शाफ्टपाशी सीलने थोपवायला हवं. अशा मोठ्या जलविद्युत यंत्रांत शाफ्टच्या सीलमध्ये बहुधा गाळलेलं स्वच्छ पाणी बाहेरून थोड्या जास्त दाबाने सोडतात, म्हणजे नदीचं गढूळ पाणी त्या गुळगुळीत कड्यांपर्यंत पोचतच नाही. पुन्हा तोच घरचा माणूस दारात! ३७ वर्षांत एकाच डोंगरात शाफ्टचं सील नगण्य गोष्टीपासून जोखमीच्या गोष्टीपर्यंत आलं आणि वर्तमानपत्रांत ते कुठे आल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. लेक टॅपिंगचे फोटो मात्र भरपूर.

आता खिशातली चकती. हे मेकॅनिकल सील. दोरी शाफ्टच्या अंगावर घासते, तर यात दोन चकत्या तोंडाला तोंड लावून घासतात. एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी स्थिर, मागे स्प्रिंग. एक बहुधा कार्बनची, दुसरी सिरॅमिकची. त्या इतक्या सपाट घासलेल्या असतात की सपाटी मोजायला पट्टी चालत नाही, प्रकाश लागतो. हेलियमच्या दिव्याखाली चकतीवर काच ठेवायची आणि उमटणारे काळे पट्टे मोजायचे. एक पट्टा म्हणजे ०.२९ मायक्रॉन. चांगलं सील दोन-तीन पट्ट्यांच्या आत असतं. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास, यावरून अंदाज घ्या. दोन तोंडांमध्ये पाण्याचा साधारण एक मायक्रॉनचा पापुद्रा असतो आणि तोच वंगण. म्हणजे इथेही गळतं, फक्त थेंब पडायच्या आधीच त्याची वाफ होते. त्या पापुद्र्यात पाबळच्या मुरमाची कच शिरली की काय होतं, ते माझ्या हातात होतं.

या चकत्यांवर विश्वास बसायला बराच काळ गेला. १९२० च्या दशकात घरगुती फ्रिज नवे होते. त्यांच्या कॉम्प्रेसरचा शाफ्ट बाहेरच्या मोटरला जोडलेला आणि आतला वायू अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड. तिन्ही विषारी. बर्लिनमधलं एक कुटुंब, मुलांसकट, फ्रिजच्या सीलमधून गळलेल्या वायूने झोपेत गेल्याची बातमी एका गृहस्थाने वाचली आणि तो फार अस्वस्थ झाला. गृहस्थाचं नाव अल्बर्ट आइनस्टाइन. त्याने आणि लिओ झिलार्डने मिळून १९२६ पासून काही वर्षं फ्रिजवर काम केलं, डझनावारी पेटंटं घेतली, त्यातली काही इलेक्ट्रोलक्सने विकतही घेतली. त्यांचा मुद्दा एकच होता, फिरणारा शाफ्टच नको, म्हणजे सीलही नको. त्यांनी द्रव धातूला चुंबकाने ढकलणारा पंप काढला. जर्मनीच्या एईजी कंपनीने १९३१ मध्ये तो चालवूनही पाहिला. आवाज मात्र भयंकर करायचा, म्हणे. सापेक्षतावाद मांडणारा माणूस एका रबरी-कार्बनी चकतीला वैतागून पेटंट ऑफिसात परत गेला, या वेळी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, हे मला फारच आवडलं.

बाजार जिंकला तो मात्र दुसऱ्याच उपायाने. जनरल इलेक्ट्रिकच्या १९२७ च्या 'मॉनिटर टॉप' फ्रिजमध्ये मोटर आणि कॉम्प्रेसर दोन्ही एकाच पोलादी डब्यात बंद केले. शाफ्ट भिंत ओलांडतच नाही! वायूत बुडूनही मोटर टिकेल असं तिचं वाइंडिंग करायचं, एवढंच. मग फ्रिऑन आला आणि विषाची भीतीही गेली. (फ्रिऑनने ओझोनचं काय केलं, ते पुन्हा कधीतरी.) आज तुमच्या-माझ्या घरातला फ्रिज याच वंशाचा आहे.

आणि इथे मला मेस्त्री पुन्हा आठवले. पाण्यावाली मोटर म्हणजे हेच की! तिच्या वाइंडिंगच्या तारेवर प्लास्टिकचं जाड आवरण असतं. बसवतानाच मोटरमध्ये स्वच्छ पाणी भरतात. बेअरिंगांना वंगण पाण्याचंच. सीलने पाणी अडवायचं नसतं, फक्त कच अडवायची असते. थोडं गळालं तरी पाण्याच्या जागी पाणीच येतं. तेलाच्या मोटरची गोष्ट वेगळी. तिचा पूर्वज आर्मायस अरुतुनॉफचा. तिफ्लिसचा हा इंजिनिअर अमेरिकेत गेला आणि १९२८ मध्ये कॅन्ससच्या तेलविहिरीत त्याने बुडवायची मोटर यशस्वी करून दाखवली. त्याची खरी करामत सीलमध्ये नव्हती, आतल्या तेलाचा दाब बाहेरच्या दाबाइतकाच ठेवण्यात होती. १०० मीटर पाण्याखाली दाब वातावरणाच्या दहापट जास्त, पण आत-बाहेर सारखाच असेल तर सीलवर ताण कसला? काकांच्या मोटरच्या बुडाशी जो रबरी पडदा निघाला, तो याचसाठी. युक्ती उत्तम आहे. फक्त कचीने चकती खाल्ली की तेल गेलं, पाणी आलं, आणि साध्या इनॅमलच्या तारेला पाण्याची सवय नसते.

तर मग त्या कंपनीने सील तपासलं नव्हतं का? नक्की तपासलं असणार. प्रश्न आहे तो कशात तपासलं. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या पंपांसाठी एपीआय ६८२ नावाचं एक प्रमाण आहे, पहिली आवृत्ती १९९४ ची. त्यात नमुन्याचं सील १०० तास सलग फिरवायचं, मग किमान ४ तास दाबाखाली स्थिर ठेवायचं, मग दाब-तापमान वर-खाली करत, पंप बंद-चालू करत छळायचं. आणि अपेक्षा काय, तर कारखान्यात २५,००० तास, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं चालावं. आम्हीही शुक्रवारी रात्री दोन तासांची लोड टेस्ट लावून वर्षभराची ग्वाही देतो, त्यामुळे मी हसणार नाही. गळतीची मर्यादाही दिली आहे, एका जोडीला तासाला ५.६ ग्रॅम. शून्य नाही. चार-चौघे अनुभवी लोक एका टेबलाशी बसून कागदावर लिहितात की इतकं गळेल आणि ते चालेल, हे मला फार प्रामाणिक वाटलं. माझ्या मोटरच्या जाहिरातीत लिहिलं होतं 'थेंबभरही नाही'.

चाचणीचे द्रव मात्र पाणी, प्रोपेन, कॉस्टिक सोडा आणि खनिज तेल. सगळे स्वच्छ. रिफायनरीला ते बरोबरच आहे. विमानांच्या इंजिनासाठी क्लीव्हलँडच्या नासा केंद्रात जी सील तपासायची यंत्रणा उभी केली, तिच्यात १५०० अंश फॅरनहाइट तापमान आणि सेकंदाला १५०० फूट वेगापर्यंत जाता येतं. बारीक तारांच्या ब्रशसारखी सीलं तिथे तासून पाहिली गेली. शाफ्ट हलला तर तारा वाकतात आणि परत जागेवर येतात, जे चक्रव्यूहाच्या कडक दातांना जमत नाही.

शाफ्ट हलण्याचं म्हणाल तर आपल्याकडचं उदाहरण आहे. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातली दोन पाती तुटली. तोल गेलेला शाफ्ट असा थरथरला की जनरेटरला गार ठेवणारा हायड्रोजन सीलमधून बाहेर आला आणि पेटला. वंगणाच्या तेलाने आग वाढली, केबली जळाल्या आणि केंद्र स्वतःच १७ तास विजेविना राहिलं. किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही, पण थोडक्यात वाचलो म्हणायचं. ते सील गुळगुळीत फिरणाऱ्या शाफ्टसाठी होतं. त्या पहाटे शाफ्ट गुळगुळीत फिरत नव्हता.

असो. शनिवारी नवी मोटर यायला संध्याकाळ होणार होती, तेव्हा मधल्या वेळात विज्ञान आश्रमात चक्कर मारली. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेले शास्त्रज्ञ. त्यांनी १९८३ मध्ये आश्रम सुरू केला तो मुद्दाम असल्या कोरडवाहू, पाण्याची ददात असलेल्या गावात. इथे चाललं तर बहुतेक गावांत चालेल, असा हिशोब. शाळेच्या आठवी ते दहावीच्या मुलांनी वेल्डिंग, वायरिंग, शेती हातांनी करत शिकायचं. जमिनीचा विद्युतरोध मोजून पाणी कुठे लागेल ते शोधायचं तंत्र इथे रुजलं, जुन्या जीपच्या भागांतून 'मेकबुल' नावाचा छोटा ट्रॅक्टर झाला, आणि २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्याबाहेरची पहिली फॅब लॅब काढली ती इथे. २००३ मध्ये कलबाग गेले. मी घुमटाकार खोल्यांमधून फिरत होतो आणि खिशातली चकती सारखी हाताला लागत होती. लिव्हरच्या प्रयोगशाळेत स्वच्छ पाण्याची कमी नव्हती, तरी हा माणूस इथे आला.

परत आलो तर पाण्यावाली मोटर आलेली. मेस्त्रींनी तिच्यात बादलीतलं गाळलेलं पाणी भरलं, बुडबुडे जाईपर्यंत हलवलं, हाताने शाफ्ट फिरवत मानेशी बोट लावून ओल पाहिली, मग मेगर लावून वाइंडिंग तपासलं. सगळी चाचणी मिळून वीस मिनिटं. मग मला विचारलं, "जुनी मोटर बोअरच्या तळापासून किती वर ठेवली होती?" काका म्हणाले, जास्त पाणी मिळावं म्हणून अगदी खाली. मेस्त्रींनी दोन पाइप कमी केले.

अंधार पडता पडता स्टार्टर दाबला. आधी चहासारखं पाणी आलं. मेस्त्रींनी ते पाटात न सोडता बाजूला जाऊ दिलं, अर्धा तास, आणि मधूनमधून स्टीलच्या पेल्यात घेऊन खाली काय बसतं ते बॅटरीच्या उजेडात बघत राहिले. पेला स्वच्छ राहिल्यावर पाणी कांद्याकडे वळवलं.

"ही किती वर्षं जाईल?" काकांनी विचारलं. मी तोंड उघडलं नाही.

"कच किती येती त्याच्यावर," मेस्त्री म्हणाले. "महिन्यातनं एकदा पेल्यात बघत जा."